बेचाळिसावा वाटा

बाबलीने माझ्या टेबलावरचे कागद बाजूला सारले, वर्तमानपत्र पसरलं आणि खाऱ्या बांगड्यांचे वाटे घालायला सुरुवात केली. मुंबईच्या इस्पितळात, बाह्यरुग्ण विभागात, सकाळी साडेदहाला, बाहेर बाकांवर पन्नास-साठ माणसं खोकत बसलेली असताना. एक वाटा माझा, एक नर्सबाईंचा, एक दारावरच्या शिपायाचा, एक एक्स-रे काढणाऱ्याचा. प्रत्येकी चार. एक बांगडा उरला तो त्याने खिशातल्या चाकूने कापला आणि चारी वाट्यांवर एकेक तुकडा ठेवला. मी रागवायला हवं होतं, आणि रागावण्याबद्दल माझी ख्याती आहे. पण खाऱ्या बांगड्याचा वास आला की माझ्यातला प्राध्यापक कुठेतरी पडवीत जाऊन बसतो. बाबली माझा जुना रुग्ण. नऊ वर्षांपूर्वी पातवाडीत मी त्याला पहिल्यांदा पाहिला तेव्हा हाडांवर कातडं तेवढं उरलं होतं. आता तो गोदीत काम करत होता, मान जाड झाली होती, आणि केवळ आपण जिवंत आहोत हे दाखवायला तो मला भेटायला आला होता. म्हणाला, तुमच्या पुड्यांनी वाचलो. मला माझ्या स्मरणशक्तीचा अभिमान आहे. मी म्हटलं, तुला पुड्या नव्हत्या बाबली, तू सतरा नंबर, तुला नुसती पांढरी गोळी होती. तो वर्तमानपत्राची घडी घालत हसला.

"नव्हत्यो," तो म्हणाला. "पण वाटो होतो मां. सगळ्यांचोच होतो."

तो गेला. नर्सबाईंनी पुढचा नंबर पुकारला. मी पुढच्या माणसाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, श्वास घे म्हटलं, सोड म्हणायला विसरलो. तो बिचारा श्वास धरून बसला.

१९५७ साली मी पातवाडीत एक प्रयोग केला होता. मालवण बंदरापासून दीड कोसावर, माडांच्या आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेली ही वाडी. तिथले तरुण मुंबईच्या गिरण्यांत जायचे आणि चार-पाच वर्षांनी छातीत क्षय घेऊन परत यायचे. इस्पितळातल्या खाटा मोजक्या, रुग्ण उदंड. मी तेव्हा तिशीतला, डोक्यात वारा भरलेला. म्हटलं, माणसाला घरच्या ओटीवर ठेवून बरं करता येतं का ते बघू. वर्षभर मालवणात वडिलांच्या घरी राहिलो, दर सोमवारी सायकलने पातवाडीला जायचो. एक्केचाळीस रुग्ण होते. सगळ्यांना रोजची पांढरी गोळी. त्यातल्या एकवीस जणांना गोळीच्या जोडीला दुसऱ्या एका औषधाच्या पुड्या. उरलेल्या वीस जणांना नुसती गोळी. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण संशोधकाने आपलं-परकं बघायचं नसतं. पुड्या महाग, कडूजहर, पोट ढवळणाऱ्या. पण नुसती गोळी दिली तर जंतू काही महिन्यांत तिला सरावतात, मग त्यांच्यावर तिचा इलाज चालत नाही, असं थोरामोठ्यांचं मत होतं. ते खरं की खोटं एवढंच मला पाहायचं होतं. वर्ष संपलं आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. आमच्या विभागातले एक गृहस्थ म्हणाले, नाबर, तुम्ही सुंठीवाचून खोकला घालवलात की. सगळे हसले, मीही हसलो. पुढे निबंध छापून आला, त्याला लोक 'पातवाडी पद्धत' म्हणू लागले, दवाखान्यांतून पुड्या बंद झाल्या, नुसती गोळी सुरू झाली आणि मी पायरी पायरीने विभागप्रमुख झालो. पुढच्या महिन्यात एका समितीपुढे ती पद्धत राज्यभर लागू करण्याचा प्रस्ताव यायचा होता. प्रस्ताव मीच लिहिला होता.

आणि बाबली म्हणत होता, वाटो होतो. मुंबईच्या एखाद्या डॉक्टरला याचा अर्थ दोनदा विचारावा लागला असता. मी मालवणच्या बाजारपेठेतल्या दाजी नाबरांचा मुलगा. काथ्याच्या सुंभाच्या वेटोळ्यांवर बसून लहानाचा मोठा झालो. आमचं सुंभ कुठे जायचं, तर रापणीला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभं राहून पन्नास-साठ माणसांनी ओढायचे. मासळी बाहेर आली की वाळूत वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ज्याने दोराला हात लावला त्या प्रत्येकाचा वाटा. म्हातारा असो, पांगळा असो, शेवटच्या चार हातांना येऊन टेकलेला असो. शाळा बुडवून मीही एकदा दोर धरला होता आणि चार तारल्या घरी नेल्या होत्या. दाजींनी मारलं, आईने तळल्या. अशा माणसाने अशा वाडीत एकवीस घरांना एक औषध दिलं आणि वीस घरांना दिलं नाही, तेही सगळ्यांना जाळी-होड्या ठेवायच्या एकाच मांगरात बोलावून, सगळ्यांच्या देखत. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पुड्या एक्केचाळीस जणांत वाटल्या गेल्या असतील तर दोन्ही गट सारखे सुधारणारच. ते दोन गट नव्हतेच, नुसती गोळी कुणालाच मिळाली नव्हती.

त्याच दिवशी, तासाभराने, रोझा आली. रोझा फर्नांडिस, शिरोड्याची, भायखळ्याच्या एका शाळेत शिकवते, वय चोवीस. आठ महिने माझ्याकडे गोळी घेत होती. पहिले चार महिने वजन वाढलं, खोकला गेला, मी तिला इतर रुग्णांपुढे नमुना म्हणून उभी करायचो. मग थुंकीत पुन्हा जंतू दिसले. पंधरा दिवसांपूर्वी मी तिला विचारलं होतं, गोळ्या चुकवल्यास ना? विचारलं म्हणजे सुनावलंच. माझी पद्धत कधी फसली तर मी रुग्णालाच दोष देत आलो आहे, आणि बहुतेक वेळा रुग्ण मान खाली घालतो, कारण कुणीतरी कधीतरी एखादी गोळी चुकवलेली असतेच. रोझाने मान खाली घातली नव्हती. आज ती भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली. प्रत्येक तारखेवर पेन्सिलीची बारीक फुली. आठ महिने, एकही चौकोन रिकामा नव्हता.

"मी मास्तरीण आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "हजेरी घ्यायची मला सवय आहे. मी एकही गोळी चुकवली नाही."

माझ्या हातात तिचा प्रयोगशाळेचा अहवाल होता. तिच्या छातीतले जंतू गोळीला पुरते सरावले होते. दुसरी औषधं तिथल्या तिथे सुरू करायला हवी होती आणि ती माझ्या कपाटात होती. मी म्हटलं, पुन्हा एकदा तपासू, पुढच्या आठवड्यात ये. हे मी का केलं ते मला लख्ख माहीत आहे. माझ्याच विभागात, माझ्याच सहीने, नुसत्या गोळीवरच्या रुग्णाला पुड्या सुरू झाल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी सगळे कुजबुजले असते. आठवड्याने फुफ्फुसात काय होतं हे मी पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलोय. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटूनही मी तिच्या हातात नव्या तारखेची चिठ्ठी दिली, आणि तिने ती नीट घडी घालून कॅलेंडरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मालवणची आगबोट धरली. बायकोला सांगितलं, घराच्या दस्तऐवजाचं काम आहे. डेकवर वळकट्यांच्या मधे जागा मिळाली. मी स्वतःला समजावत होतो, की चार-सहा जणांनीच वाटावाटी केली असेल, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत, बाबली सगळंच फुगवून सांगतो. एक्केचाळिसांत चार-सहा म्हणजे निष्कर्ष टिकतो. काठाकाठाने का होईना, टिकतो. जाऊन विचारू, खात्री करू. संशोधक दुसरं काय करतो? पण जयगडच्या पुढे बोट डुलायला लागली तशी दुसरीच एक गोष्ट आठवायला लागली आणि मला कळलं, की मी ते विचारायला चाललोच नव्हतो.

आषाढातला एक सोमवार होता. मी मांगरात गोळ्या-पुड्या देऊन, छात्या तपासून, निघालो होतो. अर्ध्या वाटेवर आठवलं, नोंदवही मागे राहिली. सायकल माडाला टेकून परत चालत आलो. पाऊस थांबला होता, माडांवरून पाणी निथळत होतं. मांगराच्या वरच्या अंगाला एक गडगा, दगड रचून केलेली बुटकी भिंत, आहे, तिथवर आलो आणि खाली पाहिलं. मांगराच्या दारात चटई घातली होती, भोवती बाया बसल्या होत्या, मधे काशीबाई. काशीबाई म्हणजे रापणीच्या म्हाताऱ्या तांडेलाची, म्हणजे म्होरक्याची, विधवा, वाटे घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चटईवर ओळीने छोटे छोटे ढीग होते. काशीबाईने वर पाहिलं. मी पाहिलं. मग मी मनात म्हटलं, मासे वाटताहेत, आणि वही न घेताच परत फिरलो. मासे. आषाढात. होड्या शाकारून माडांच्या बुंध्यांना बांधलेल्या, रापण मांगरात गुंडाळून ठेवलेली, समुद्र असा की कुत्रंसुद्धा पाण्याकडे जात नव्हतं. पुढे कधीतरी ते चित्र डोळ्यांपुढे आलं की मी म्हणायचो, खाडीतल्या तिसऱ्या असतील, शिंपल्या. नऊ वर्षं तिसऱ्याच होत्या. तिसऱ्यांचा रंग पांढरट असतो आणि कागदाच्या पुडीचाही असतो, एवढ्यावर मी माझी समजूत घातली होती.

आणखी एक. त्याच पावसाळ्यात मी काहींची लघवी तपासायला मुंबईला पाठवली होती. पुडीतलं औषध पोटात गेलेलं असेल तर तपासणीत लघवीचा रंग जांभळा होतो. पुड्या नसलेल्यांपैकी तिघांचा जांभळा झाला. तिथल्या माणसाने तसं लिहून विचारलंही होतं. मी कळवलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असावी. किती सहज लिहिलं होतं ते. पोस्टकार्डावर. तेव्हा निकाल हाती यायला लागले होते आणि निकाल सुंदर होते. सुंदर गोष्टीला कुणी नख लावत नाही. मी खोटं लिहिलं असं मला त्या वेळी एकदाही वाटलं नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

मालवणला पडावातून उतरलो तो सकाळचे नऊ झाले होते. घरी गेलोच नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने चालत पातवाडी गाठली. रापण ओढणं चालू होतं. दोन्ही दोरांवर माणसं, बाया. मागच्या टोकाचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याकडे जातो आणि पुन्हा धरतो. त्यांच्यातल्या किती जणांच्या पाठी मी ठोकून पाहिल्या होत्या. एकाने ओळखून हाक मारली, नंबर बावीस, दुसऱ्याने हात केला, नंबर नऊ. पुड्यावाला आणि बिनपुड्यावाला, एकाच दोरावर. मला आनंद व्हायला हवा होता आणि क्षणभर झालासुद्धा, कारण ते जिवंत होते. काहीही असो, ते जिवंत होते. काशीबाई मांगराच्या सावलीत बसली होती. आता डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून तिने मला लगेच धरलं. दाजीचा झील ना तू, केस पांढरे झाले का रे, म्हणाली, आणि चहा टाकायला कुणाला तरी सांगितलं. मी कचेरीतल्यासारख्या शुद्ध मराठीत विचारलं, की त्या पुड्या किती जणांनी वाटून घेतल्या होत्या. चार? सहा?

"किती जणांनी म्हणजे?" ती म्हणाली. "वाडी एक, रापण एक. अर्ध्यांका वाटो, आणि अर्ध्यांनी त्येंच्या तोंडाकडे बघीत रवायचा?"

दर सोमवारी मी गेलो की सगळ्या पुड्या चटईवर उलट्या व्हायच्या. काशीबाई पुड्या सोडवून, पूड मापट्याने मोजून, नवीन पुड्या बांधायची. कुणाची बायको कुरकुरली नाही. चिठ्ठीत ज्यांच्या नशिबी पुड्या आल्या होत्या त्यांनी आपणहून आणून ओतल्या. त्यांना ते इतकं स्वाभाविक होतं की मला सांगावं असं कुणालाच वाटलं नाही. मी म्हटलं, पण मला सांगायला हवं होतं काशीबाई, माझं सगळं काम त्यावर उभं होतं. मी हे रागाने म्हटलं. दुसऱ्यावर रागावण्याची ती माझी शेवटची संधी होती आणि मी ती सोडली नाही.

"तुका म्हायत होता," ती म्हणाली.

मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण ती शांतपणे सांगत गेली. तू त्या सोमवारी परत इलंस, म्हणाली. वर गडग्याकडे उभा राहिलास. मी हात केला, तूही हात केलास आणि गेलास. म्हणजे मीही हात केला होता. नऊ वर्षांच्या त्या चित्रात माझा हात नव्हता. तो मी खोडून टाकला होता आणि तो हिच्याकडे शाबूत होता. तिने शेजारच्या बाईला आत पिटाळलं. त्या बाईने दुधाच्या पावडरीचा एक गंजका डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. झाकण निघेना, मग चमच्याच्या दांड्याने काढलं. आत छोट्या छोट्या जुड्या होत्या, प्रत्येकीत दोन-तीन पुड्या, सुंभाच्या धाग्याने बांधलेल्या. आमच्या दुकानाचं सुंभ, पीळ ओळखू आला मला. एक पुडी उघडली. औषध जुनं झालं की तपकिरी पडतं. ते तपकिरी पडून घट्ट झालं होतं.

"तुझो वाटो," काशीबाई म्हणाली. "फुडल्या सोमवारापासून घालीत होतंय. तू खोकत होतंस."

मी तेव्हा दिवसाला वीस सिगारेटी ओढायचो, त्याचा खोकला. तिला वाटलं, गावाला लागलं ते मलाही लागलं, पण डॉक्टर आपल्या तोंडाने कसा मागणार. मी नेईन म्हणून ठेवत गेली. मी नेले नाहीत, म्हणून तिने डब्यात ठेवले. दुसऱ्याचा वाटा खायचा नसतो. पस्तीस-छत्तीस जुड्या. म्हणजे आषाढापासून प्रयोग संपेपर्यंत दर सोमवारी, एक्केचाळीस आजारी माणसांच्या तोंडातलं थोडं थोडं काढून. मी तो डबा धरून बसलो आणि माझ्या घशातून जो आवाज निघाला तो शुद्ध मराठी नव्हता.

"माझो वाटो कित्याक, काशीबाय? मी दोरयेक खंय हात लावलो?"

"बघून गप रवलंस मां," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिच्या लेखी ते माझे उपकारच होते, डॉक्टर असूनही मी वाडीच्या बाजूने राहिलो होतो. "तोच तुझो हात."

चहा आला. मी प्यायलो. जाळं काठाला लागलं होतं, वाळूत चांदी सांडल्यागत पेडवे उड्या मारत होते, बाया टोपल्या घेऊन धावल्या. काशीबाईने विचारलं, ताजं काही नेणार का घरी. मी नको म्हटलं. डबा काखेत मारून मालवणकडे चालायला लागलो. वाळूतून चालताना दम लागत होता आणि मी, छातीचा डॉक्टर, प्रत्येक श्वास ऐकत होतो. वाटेत दोनदा मनात आलं की डबा समुद्रात टाकावा. झाकली मूठ सव्वा लाखाची. काशीबाईला दिसत नाही, बाबलीला कोण विचारतो, समितीतल्या कुणाला रापण ठाऊक आहे? दुसऱ्यांदा तर मी पाण्यात घोट्यापर्यंत उतरलोसुद्धा. तिथे उभा असताना मला रोझाचं कॅलेंडर आठवलं. पेन्सिलीच्या फुल्या, एकसारख्या, रेघेवर ओढल्यासारख्या. ती पोर आजही सकाळी उठून, निरुपयोगी गोळी गिळून, त्या तारखेवर फुली मारत असणार, कारण मी तिला थांब म्हटलेलं नव्हतं. मी पाण्यातून बाहेर आलो. बुटांत वाळू गेली होती.

बाजारातल्या पोस्टात गर्दी नव्हती. तारेचा फॉर्म घेतला. पहिली तार माझ्या सहायकाला, की रोझा फर्नांडिसला बोलावून घ्या आणि दुसरी औषधं आजच सुरू करा. दुसरी तार रोझाला. तिला काय लिहायचं ते सुचायला वेळ लागला. तीन फॉर्म फुकट गेले. खिडकीमागच्या बाबूने चष्मा सारखा करून शेवटी लिहिलेलं वाचून दाखवलं. "'गोळी तू चुकवली नाहीस. मी चुकलो. लगेच दवाखान्यात जा.' बरोबर ना, डॉक्टरसाहेब?" मी म्हटलं, बरोबर. तिची छाती माझ्या उशिराने किती खाल्ली असेल ते मला सांगता येणार नव्हतं, आणि तारेत तसं लिहायची सोय नव्हती.

मग बाकावर बसलो, डबा शेजारी ठेवला आणि समितीला पत्र लिहायला घेतलं. पातवाडी पद्धतीचा प्रस्ताव मी मागे घेत आहे, हे वाक्य सोपं गेलं. मागे घेण्याचं कारण लिहिताना अडलो. सवयीने मी लिहून गेलो होतो, की रुग्णांनी सूचनांचं पालन न केल्यामुळे. ते खोडलं. खालून पुन्हा सुरुवात केली. निबंधात मी रुग्णांची संख्या एक्केचाळीस दिली होती, ती बरोबर आहे, असं लिहिलं. सर्व औषध त्यांनी आपसांत समान वाटून घेतलं, आणि वाटे बेचाळीस पडत होते. बेचाळिसावा माझा होता. तो मी सोबत पाठवत आहे.

पत्राची घडी घातली आणि पाकिटात एक पुडी घालायला म्हणून डब्यातली एक जुडी सोडवायला लागलो. सुंभाची गाठ पक्की होती, दातांनी सोडवावी लागली. जिभेला तो कडवटपणा लागला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की ते औषध किती कडू होतं.